बोट उजळते, पण हाड दिसत नाही

अंधाऱ्या खोलीत पेटती विजेरी बोटांखाली धरली की बोटे लालबुंद दिसतात. हा प्रयोग आपण वर्गात करतोच. पण मधले हाड का दिसत नाही, हे क्वचितच विचारले जाते. अवरक्त प्रकाशाने स्तनाचा कर्करोग शोधण्याच्या पद्धतीचे गुणदोष या एका प्रश्नात सामावले आहेत.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत मॅक्स कटलर यांनी १९२९ साली स्तनाखाली दिवा धरून आतील सावल्या पाहण्याची पद्धत मांडली. पुढे अवरक्त किरण वापरात आले, त्याला सबळ कारण होते. सुमारे ६५० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश रक्त आणि पाणी फारसा शोषत नाहीत, म्हणून तो काही सेंटिमीटर आत शिरतो. जो शोषला जातो, तो मुख्यतः हिमोग्लोबिनमध्ये. वाढत्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या फुटतात, तेथे प्रकाश अधिक शोषला जातो. दोन-तीन तरंगलांबी वापरल्यास रक्तातील ऑक्सिजनचाही अंदाज येतो. शिवाय क्ष-किरणांचा मारा नाही. इथवर सारे ठीक.

मात्र यापुढे ‘या प्रकाशात गाठ स्पष्ट दिसते’ असे लिहिले जाते, ते बरोबर नाही. क्ष-किरण बहुतांशी सरळ जातात, म्हणून सावली रेखीव पडते. प्रकाश मात्र शरीरात मिलिमीटरभर जाताच विखुरतो आणि आपली दिशा हरवून बसतो. बोटातले हाड दिसत नाही ते यामुळेच. संगणकाने कितीही गणित केले तरी अर्ध्या सेंटिमीटरहून लहान बारकावे हाती लागणे कठीण. मॅमोग्राफीत मिलिमीटरहून लहान कॅल्शियमचे कणही दिसतात.

दुसरा घोटाळा नावाचा. थर्मोग्राफीलाही ‘अवरक्त तपासणी’ म्हणतात. पण ती प्रकाश आत सोडत नाही, त्वचेतून बाहेर पडणारी उष्णता मोजते. ती मॅमोग्राफीला पर्याय नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली दिला.

मग ही प्रकाशपद्धती टाकाऊ का? मुळीच नाही. गाठ आहे हे ठाऊक असताना, औषधोपचाराने तिचा रक्तपुरवठा घटतो आहे का, हे पुनःपुन्हा पाहण्यास ती सोयीची आहे. तिथे रेखीव चित्राची गरज नसते. शोध घेणाऱ्यापेक्षा मदतनिसाची भूमिका तिला शोभते.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण उजेडात काही दिसले नाही म्हणून एखादी स्त्री निर्धास्त राहिली, तर मोलाचे महिने वाया जातात. मुंबईत टाटा स्मारक केंद्राने १९९८ साली सुरू केलेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. नव्या यंत्राचे कौतुक करताना या साध्या हाताशी त्याची तुलना करायला हवी.

पुढच्या वेळी विजेरीचा प्रयोग कराल तेव्हा हाडाचा प्रश्न अवश्य विचारा.