पत्त्यांचा डाव आणि वेस्टर्नचा ध्वनी : एका व्हिडिओ गेम प्रकारातील ध्वनियोजनेची समीक्षा

प्रस्तावना

व्हिडिओ गेमचा विचार आपल्याकडे बहुधा मुलांवर होणाऱ्या परिणामांच्या अंगाने केला जातो. त्यातील कलात्मक घटकांकडे, विशेषतः ध्वनीकडे, समीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात अमेरिकी ‘वेस्टर्न’ पार्श्वभूमीवरील पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये ध्वनी आणि संगीत यांची योजना कशी होते व कशी व्हावी, याचा विचार केला आहे. चित्रपटाच्या संगीताला कथेचा शेवट ठाऊक असतो; पत्त्यांच्या डावातील संगीताला मात्र तो ठाऊक असता कामा नये, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

वेस्टर्न ध्वनिसंकेताची घडण

‘वेस्टर्न’ म्हटले की शीळ, मोरचंग, घंटा, चाबकाचा फटका आणि इलेक्ट्रिक गिटार हे ध्वनी श्रोत्याला आठवतात. हा ध्वनिसंकेत एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचा नाही. त्या काळी इलेक्ट्रिक गिटार अस्तित्वातच नव्हती. सर्जिओ लिओने यांच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) पासून ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) पर्यंतच्या इटालियन चित्रपटांतून, संगीतकार एन्निओ मोरिकोने यांनी तो घडविला. अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी यांची शीळ आणि एडा डेल’ऑर्सो यांचा शब्दविरहित स्वर हे त्याचे ठळक विशेष होत. भारतीय श्रोत्याच्या कानावर हा संकेत मुख्यतः ‘शोले’ (१९७५) मधील राहुलदेव बर्मन यांच्या संगीताने, त्यातही माउथ ऑर्गनच्या सुरांनी, रुजविला. तात्पर्य, गेमसाठी वेस्टर्न संगीत रचणारा कलावंत इतिहासापेक्षा चित्रपटाची स्मृती अधिक वापरत असतो.

या स्मृतीतील दोन प्रसंग पत्त्यांच्या गेमच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ (१९६५) मध्ये खिशातील घड्याळाची धून संपली की पिस्तूल उपसायचे, असा द्वंद्वाचा नियम आहे. तेथे संगीत हे वातावरणनिर्मितीचे साधन न राहता खेळाचा नियमच बनते. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’च्या आरंभी वाट पाहणाऱ्या बंदूकधाऱ्यांच्या दृश्यात पवनचक्कीची करकर, माशीची गुणगुण आणि ठिबकणारे पाणी एवढेच ऐकू येते. संगीताच्या अभावाने ताण वाढतो, याचा हा वस्तुपाठ आहे.

डोळे पत्त्यांवर, कान दाराकडे

वेस्टर्न आणि पत्ते यांचा संबंध केवळ सजावटीचा नाही. २ ऑगस्ट १८७६ रोजी डेडवुड येथील एका मद्यगृहात पोकर खेळत असताना वाइल्ड बिल हिकॉक यांची पाठीमागून गोळी घालून हत्या झाली. त्यांच्या हातात इस्पिक आणि किलवरचे एक्के व अठ्ठ्या होत्या, अशी आख्यायिका आहे. मात्र ध्वनीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे की ते दाराकडे पाठ करून बसले होते. पत्ते खेळणाऱ्याची दृष्टी हातातील पानांत आणि समोरच्या चेहऱ्यात गुंतलेली असते. उरलेल्या जगाची वार्ता त्याला कानांनीच मिळते. पडद्यावरील गेममध्ये तर दृश्य चौकट आणखी आक्रसते. म्हणून फळीवरील बुटांचा आवाज, दाराची कुरकुर, पेल्यांचा खणखणाट आणि मध्येच थांबलेला पियानो यांवाचून मेजाभोवतीचे जग उभेच राहत नाही.

पत्त्यांच्या स्वतःच्या ध्वनीचेही असेच आहे. पत्ते पिसणे, वाटणे, पान टाकणे आणि नाणी सरकविणे हे आवाज खेळाडू शेकडो वेळा ऐकतो. एकच ध्वनिमुद्रण वारंवार वाजविल्यास कान विटतो. म्हणून एकाच क्रियेची अनेक, किंचित भिन्न ध्वनिमुद्रणे आलटून पालटून वापरावी लागतात. परंतु ही भिन्नता पानाच्या मोलाशी निगडित असता कामा नये. एक्का आणि दुर्री पालथ्या पडताना सारख्याच वाजल्या पाहिजेत.

थरांची रचना आणि तिची मर्यादा

कॅरेन कॉलिन्स यांनी ‘गेम साउंड’ (२००८) या ग्रंथात खेळाडूच्या थेट कृतीला प्रतिसाद देणारा ध्वनी आणि खेळाच्या बदलत्या स्थितीला अनुसरणारा ध्वनी असा भेद केला आहे. दुसऱ्या प्रकाराचे प्रभावी उदाहरण म्हणजे ‘रेड डेड रिडेम्प्शन’ (२०१०). बिल एल्म आणि वुडी जॅक्सन यांनी त्याचे बहुतांश संगीत ए मायनर या एकाच स्वरात आणि मिनिटाला १३० ठोके या एकाच लयीत बांधले. त्यामुळे वाद्यांचे थर कोणत्याही क्षणी एकमेकांवर चढविता किंवा उतरविता येतात. धोका वाढला की ताल भरीव होतो, टळला की तो विरतो.

घोडदौडीला आणि गोळीबाराला ही पद्धती चपखल लागू पडते. याच गेममध्ये पोकरचा डावही आहे; आणि पद्धतीची मर्यादा तेथे लक्षात येते. पोकरमधील धोका प्रतिस्पर्ध्याच्या हातात झाकलेला असतो. संगणकाला तो दिसतो, खेळाडूला दिसत नाही. अशा वेळी खऱ्या धोक्यानुसार ताल वाढविला, तर संगीत चहाडखोर ठरेल आणि थाप मारण्याची कलाच संपुष्टात येईल. म्हणून मेजावरील संगीताने केवळ उघड गोष्टींनाच उत्तर द्यावे : मध्यभागी साचलेली रक्कम, उघडी पाने, उरलेले खेळाडू. झाकलेल्या पानाबाबत संगीत खेळाडूइतकेच अज्ञानी राहिले पाहिजे.

‘हार्थस्टोन’चे उदाहरण

‘हार्थस्टोन’ (२०१४) हा पत्त्यांचाच व्हिडिओ गेम. त्याचे मूळ संगीत रचणाऱ्या पीटर मॅककॉनेल यांनी त्यापूर्वी मायकल लँड यांच्यासमवेत ‘आयम्यूज’ ही प्रसंगानुसार बदलणाऱ्या संगीताची प्रणाली विकसित केली होती. ‘मंकी आयलंड २’ (१९९१) मध्ये ती प्रथम वापरली गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘शोडाउन इन द बॅडलँड्स’ या विस्तारसंचाने हा गेम वेस्टर्न वातावरणात नेला. त्यातील ‘क्विकड्रॉ’ या नियमानुसार पान ज्या पाळीत ओढले त्याच पाळीत खेळल्यास अधिक लाभ होतो. इंग्रजीत पान ओढणे आणि पिस्तूल उपसणे यांना ‘ड्रॉ’ हा एकच शब्द आहे. या श्लेषामुळे वेस्टर्न येथे वेशभूषेपुरता न राहता नियमात उतरला आहे.

या गेमच्या मूळ रचनेत पाळीसाठी ७५ सेकंद असून शेवटी मेजावर एक दोर चरचरत जळू लागतो. लिओने यांच्या घड्याळाशी या दोराचे नाते स्पष्ट आहे : येथेही ध्वनीच नियम सांगतो. दुर्मीळ पात्रांची स्वतंत्र प्रवेशधून पान मेजावर आल्यावरच वाजते, म्हणून गुपित फुटत नाही. मात्र पानांची पाकिटे उघडताना दुर्मीळतेची उच्चरवाने होणारी घोषणा खटकते. ही पाकिटे पैशांनीही विकत घेता येतात. तेथे ध्वनी खेळाच्या कौशल्याचा नव्हे, तर खरेदीचा गौरव करतो.

हा आक्षेप केवळ अभिरुचीचा नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये जुगारयंत्रांविषयी दाखवून दिले की, लावलेल्या रकमेहून कमी परतावा विजयाच्या रोषणाई व आवाजांसह मिळाला, तर खेळाडूचे शरीर त्या नुकसानीला विजयासारखाच प्रतिसाद देते. वेस्टर्नची घंटा आणि शीळ अशा फसव्या उत्सवाला सहज जुंपता येतात. त्यामुळे ध्वनियोजनाकाराचा प्रत्येक निर्णय काही अंशी नैतिकही असतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, वेस्टर्न ध्वनिसंकेत हा चित्रपटाने घडविलेला असल्याने तो जपून व मोजका वापरणे इष्ट. प्रत्येक पानावर शीळ वाजली की तिचे विडंबन होते. दोन, पत्त्यांच्या गेममध्ये परिसरध्वनी हा संगीताहून अधिक मूलभूत आहे. तीन, संगीताने उघड माहितीपलीकडे काहीही सुचवू नये आणि पराभवाला विजयाचा आवाज देऊ नये. चार, पान उलटण्यापूर्वीची निःशब्दता हेच या प्रकारातील सर्वांत प्रभावी वाद्य होय. चित्रपटाच्या प्रेक्षकाला संगीताने हळूच पुढचे सांगितले तर तो सुखावतो. डावात पैज लावून बसलेल्या खेळाडूची अपेक्षा वेगळी असते. जे संगीत त्याच्याबरोबर पान उलटण्याची वाट पाहते, तेच त्याच्या विश्वासाला पात्र ठरते.