कुत्र्यांचे भुंकणे आणि शांततेचे मोजमाप

जागतिक शांतता निर्देशांक २००७पासून निघतो. १६३ देश, २३ निकष. त्यांत खुनांचे प्रमाण, लष्करी खर्च, शस्त्रांची आयात. आकडे खोटे नसतात, पण त्यांत देश दिसतो, गाव दिसत नाही. ही उणीव हेरून रॉजर मॅक गिंटी आणि पामिना फर्चो यांनी ‘दैनंदिन शांतता निर्देशक’ ही पद्धत उभी केली. फर्चो यांच्या ‘रिक्लेमिंग एव्हरीडे पीस’ (२०१८) या पुस्तकात युगांडा व कोलंबियातील गावांवर ती लावून पाहिली आहे.

पुरुष, स्त्रिया, तरुण यांना वेगवेगळे बसवून विचारायचे: गावात शांतता आहे हे तुम्ही कशावरून ओळखता? मग गावाच्या मताने यादी ठरवायची आणि त्यावरून सर्वेक्षण करायचे. उत्तर युगांडातले गाजलेले उत्तर कुत्र्यांचे आहे. रात्री ती भुंकू लागली की कोणी परका फिरतो आहे असे समजायचे. लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीने जिथे वर्षानुवर्षे मुले पळवून नेली, तिथले हे कान आहेत. रात्री लघवीला बाहेर जाता येणे, हे आणखी एक उत्तर. (आपल्याकडच्या किती बायका हाच निकष सांगतील, आणि तोही युद्धाशिवाय!)

माझी अडचण मतदानापाशी आहे. अभ्यासातले अतियाक हे १९९५च्या हत्याकांडाचे गाव, तर ओडेक जोसेफ कोनीचे जन्मगाव. अशा गावांत पळवलेली आणि पुढे बंदूक धरावी लागलेली मुले परत येऊन राहतात. त्यांची शांतता म्हणजे पाणवठ्यावर कोणी टोमणा न मारणे. हा निकष बहुमताने निवडला जाईल का? मला शंका आहे. लोकांचा आवाज म्हणताना लोकांतला दुबळा आवाज गळतो, याकडे पुस्तकाने अधिक थांबून पाहायला हवे होते. शिवाय छावण्या उठल्यावर तिथे जमिनीचे तंटे वाढले. भीतीने जागा बदलली. जुनी यादी तेव्हा किती कामाची?

तरी पद्धत टाकाऊ नाही. गडचिरोलीत शांततेचा हिशेब चकमकी आणि आत्मसमर्पणांवर मांडला जातो. १ जानेवारी २०२५ला अहेरी–गर्देवाडा एसटी सुरू झाली, तीही बातमी त्याच हिशेबात जमा झाली. त्या गाडीने एकटी बाई बाजार करून निर्धास्त परतते का, हे तिलाच विचारावे लागेल. आणि घरी एकदा, बायकांत बसून एकदा, असे दोनदा.