रूळ आले, डोंगर राहिला

जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत रेल्वेचा एक फूटही रूळ नाही. ओतूरच्या माणसाला गाडी पकडायची तर पुणं नाहीतर कल्याण गाठावं लागतं. पुणे–नाशिक लोहमार्गाची चर्चा इथे आजोबांनी ऐकली आणि आता नातवंडं ऐकत आहेत. महारेलने सुमारे २३५ किलोमीटरच्या सेमी हायस्पीड मार्गाचा आराखडा केला, मंचर-नारायणगावच्या बाजूने रेषा आखली गेली. मग खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या निरीक्षणांत अडथळा येईल म्हणून रेल्वेने मार्ग बदलण्याची भूमिका घेतली. तेव्हा आजच्या घडीला या मुलखात आगगाडी धावू शकते ती फक्त प्लायवूडच्या फळीवर, कुणी हौशी माणसाने मांडलेल्या लेआउटवर.

महाराष्ट्रातल्या मॉडेल रेल्वेची आजची स्थिती जोखताना मी मुद्दाम हा मुलूख कसोटीला घेतो आहे. मुंबई-पुण्याच्या हौशी माणसाला नक्कल करायला खरा रेल्वेचा घाट, खरं स्टेशन, खरं यार्ड समोर असतं. जुन्नरमध्ये त्यातलं काहीच नाही. आहे ती जमीन: सपाट माथ्याचे डोंगर, कुकडी-मीना-घोड या नद्या, धरणं, उसाचे फड. आपल्या लेआउटची सगळ्यात लंगडी बाजू नेमकी हीच आहे. इंजिन उत्तम, रूळ उत्तम, विजेचं काम तर फारच छान. पण गाडी ज्या जमिनीवरून धावते ती आपली नसते.

कोथरूडमधलं भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय घ्या. एका माणसाने आयुष्यभर जपलेल्या वेडातून ते उभं राहिलं आणि १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. पुण्यातल्या कितीतरी मुलांनी आपली पहिली मॉडेल गाडी तिथे पाहिली. एकाच वेळी अनेक गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, सांधे सरकतात, एक गाडी थांबते तेव्हा दुसरी सुटते. सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, दिवे मालवले की खिडक्या-खिडक्यांतून उजेड दिसतो. हे सगळं बिनचूक चालतं ठेवणं किती कठीण आहे, ते ज्याने एकदा तरी दोन रुळांचा जोड डाग देऊन पक्का केला आहे त्यालाच कळेल. यंत्रकाम म्हणून या संग्रहालयाला मी पहिल्या पंक्तीत बसवतो. पण तिथलं गाव बहुतांशी युरोपीय वळणाचं आहे, आणि त्याला कारणही साधं आहे. ही हौस इकडे आली ती मार्कलिन, फ्लाइशमन, हॉर्नबी यांच्या खोक्यांतून. त्या खोक्यांबरोबर उतरत्या छपरांची घरं आणि पाइनची झाडंही आली. भाऊंच्या पिढीला दुसरा पर्यायच नव्हता. आजच्या पिढीला तो आहे, तरी घरोघरचे लेआउट अजून बव्हेरियातच अडकलेत. तक्रार आहे ती याची.

आधी आनंदाविषयी बोलतो, कारण तो खरा आहे. फळीवर पहिलं वर्तुळ पुरं होतं आणि इंजिन स्वतःच्या ताकदीने पहिला फेरा मारतं, त्या क्षणी घरातलं मोठं माणूसही गुडघ्यावर बसून डोळे रुळांच्या पातळीवर आणतं. वरून पाहिलं तर ते खेळणं असतं, त्या पातळीवरून पाहिलं की गाडी होते. सुतारकाम, विजेचं काम, रंगकाम, भूगोल, इतिहास हे सगळं एकाच फळीवर करायला लावणारी दुसरी हौस मला तरी माहीत नाही.

मनस्तापही तितकेच. पहिला जागेचा. सगळ्यात रूढ असलेल्या एचओ स्केलमध्ये प्रत्येक वस्तू ८७ पटींनी लहान होते. आपला जुना निळा आयसीएफ डबा सव्वाएकवीस मीटरचा; म्हणजे मॉडेलमध्ये साडेचोवीस सेंटिमीटर. वीस डब्यांची एक्सप्रेस करायची तर नुसते डबेच पाच मीटर होतात. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ही गाडी फलाटाला लागेपर्यंत तिची शेपटी स्वयंपाकघरात असेल. म्हणून सगळे पाच-सहा डब्यांवर भागवतात. वळणांचंही तेच. सुरुवातीच्या संचात ३६ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण येतं. त्यावर आपला लांब डबा चढला की त्याचं पोट आत घासतं आणि टोकं बाहेर लोंबतात.

दुसरा मनस्ताप गेजचा, आणि तो खास आपला. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो. तो युरोपच्या १४३५ मिलिमीटर रुंदीच्या मार्गाची बरोबर प्रतिकृती आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे ८७ च्या हिशेबात १९ मिलिमीटरहून थोडा जास्त. बाजारात मिळणाऱ्या रुळावर डब्ल्यूएपी-४ इंजिन उभं केलं की ते अरुंद पायांवर उभं असल्यासारखं दिसतं. स्वतः रूळ ओतायचे तर सांध्यापासून चाकांपर्यंत सगळंच हाताने करावं लागतं. बहुतेक जण हा फरक पोटात घालतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. भारतीय इंजिनं आता थ्रीडी प्रिंटिंगमुळे हौशी मंडळी घरीच करू लागली आहेत. सेंटी टॉईजच्या स्वस्त प्लास्टिक गाडीत चांगली मोटर बसवून तिला कामाला लावणारेही आहेत. गेल्या काही वर्षांत या कलेत काही खरोखर पुढे गेलं असेल तर ते हे.

पण एवढ्या कष्टाने केलेलं डब्ल्यूडीएम-२ इंजिन निघतं कुठून आणि जातं कुठे? परदेशी साच्यात ओतलेल्या पांढुरक्या, तिरप्या भेगांच्या आल्प्सच्या कड्याखालून. आपल्याकडचा दगड तसा नाही. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांनी बनलेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण. त्याचे थर आडवे असतात. उभा कडा, त्यावर गवताची अरुंद पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी आणि शेवटी सपाट माथा. नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहून जीवधनकडे पाहिलं तर हे थर बोटाने मोजता येतात. लेआउटवर डोंगर करताना रद्दी कागदाचे बोळे रचून त्यावर प्लास्टर टाकलं की होतो तो ढिगारा. सह्याद्री होत नाही. पुठ्ठ्याचे किंवा फोमचे आडवे थर कापून एकावर एक ठेवले, कडेला चाकूने उभे ओरखडे काढले, तर पाहणाऱ्याला न सांगता कळतं की हा घाट महाराष्ट्रातला आहे. रंगाचंही तसंच. बाजारात मिळणारं मॉडेलचं गवत बारमाही स्वित्झर्लंडचं हिरवं. आपले डोंगर हिरवे असतात चार महिने. दिवाळीनंतर पिवळे पडतात, होळीपर्यंत करडे-तांबूस. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याच्या झाडांचा गडद हिरवा ठिपका त्यात मधेमधे राहतो. ही छटा ज्याने पकडली असा लेआउट मी अजून पाहिलेला नाही.

जमिनीची ही विद्या आपल्याकडे नाही असं मात्र नाही. ती दर दिवाळीत अंगणात असते. मातीचा किल्ला ही मराठी घराची भूदृश्य-कला आहे. गोणपाट चिखलात भिजवून दगड-विटांवर अंथरायचं, पोयट्याची माती थापायची, हळीव किंवा मोहरी पेरून चार दिवसांत हिरवळ उगवायची, तट, बुरूज, पायऱ्या, मावळे. कड्याला भिजकं गोणपाट किती घट्ट बसतं, पाणी कुठून झिरपेल, चढ किती ठेवला तर माती घसरणार नाही, हे दहा वर्षांच्या पोराला हाताने कळलेलं असतं. किल्ल्याखालून बोगदा काढून चावीची आगगाडी फिरवणारी मुलंही अनेकांनी पाहिली असतील. आणि गती हवी तर गणपतीतले हलते देखावे आहेतच. मोटर, दट्ट्या, तारा लावून माणसं हलवणारे कारागीर पुण्यात आणि गावोगावी आहेत. जमीन दिवाळीत, गती गणपतीत. मॉडेल रेल्वेला हवं असलेलं अर्धं ज्ञान या दोन सणांत आहे आणि लेआउटवाल्या मंडळींनी त्याच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली आहे.

किल्ल्यांबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. बाजारात तयार प्लास्टरचा किल्ला मिळू लागल्यापासून कलेला उतार लागला आहे. हाताने केलेल्यांतही बरेच किल्ले एकाच ठशाचे: शंकूसारखा डोंगर, भोवती गोल रस्ता, वर सिंहासन. पुण्यात हे चालून जाईल. जुन्नरमध्ये मला ते खटकतं, कारण तिथे मान वर केली की शिवनेरी दिसतो आणि तो शंकू नाही. निमुळता होत कडेलोट टोकाशी संपणारा त्रिकोणी माथा, भोवती ताशीव कडे, एका अंगाने चढत जाणारी सात दरवाजांची वाट, वर बदामी तलाव, गंगा-जमुना टाकी, कमानी मशीद. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक. जुन्नरच्या मुलाने आपल्या अंगणात तो त्रिकोण तरी नेमका काढावा एवढी अपेक्षा गैर नाही.

साहित्याविषयी दोन गोष्टी जवळून सांगतो, कारण परदेशी सामान महाग म्हणून हौस सोडणारे मी पाहिले आहेत. रुळांखालची खडी परदेशी पिशवीतली घ्यायची काहीच गरज नाही. आपल्या रेल्वेची खडी काळ्या दगडाची, मोठ्यात मोठा खडा साधारण ६५ मिलिमीटरचा. ८७ ने भागलं की पाऊण मिलिमीटर. गावाजवळच्या खडी क्रशरवर पडलेली कच आणा, आधी रव्याच्या आणि मग मैद्याच्या चाळणीने चाळा. मधला माल म्हणजे अस्सल, त्याच जातीची खडी. मात्र तिच्यातून लोहचुंबक दोन-तीनदा फिरवायला विसरू नका. या दगडात चुंबकाला चिकटणारे कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटरमध्ये शिरले की मोटर जाते. खडी पसरून झाली की निम्मं फेव्हिकॉल, निम्मं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडायचं. तो थेंब नसेल तर पाणी खडीवर गोळ्या होऊन बसतं आणि सगळी खडी तरंगते.

गवताचे तंतू उभे करायचं महागडं यंत्र डास मारायच्या रॅकेटपासून करता येतं. रॅकेटच्या एका तारेला लोखंडी चहाची गाळणी जोडायची, दुसरी तार ओल्या गोंदात ठोकलेल्या खिळ्याला. गाळणीत तंतू घालून बटण दाबून हलवलं की विजेच्या ओढीने ते ताठ उभे चिकटतात. तंतू घेतानाच हिरवे कमी आणि गव्हाळ जास्त घ्या. हे यंत्र लहान मुलांच्या हाती देऊ नका, आणि काम झाल्यावर दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून उरलेली वीज सोडून द्या. डोंगरासाठी थर्माकोल वापरायची सवय मोडायची वेळ तर २०१८ च्या बंदीनेच आली आहे. पुठ्ठा आणि गोणपाट आहेतच.

आता प्रमाणाचा प्रश्न. शिवनेरी पायथ्यापासून सुमारे तीनशे मीटर उंच. एचओमध्ये ती उंची साडेतीन मीटर होते, छताच्याही वर. जीवधनशेजारचा वानरलिंगी सुळका एकटाच काही फुटांचा. जीएमआरटीच्या तीस दुर्बिणींपैकी एकीची तबकडी ४५ मीटर व्यासाची. मॉडेलमध्ये बावन्न सेंटिमीटर, पुरणपोळीच्या परातीपेक्षा मोठी. म्हणजे जुन्नर मापात बसत नाही. ते आकसून घ्यावं लागतं. समीक्षक म्हणून मी कस लावतो तो इथे: काय आकसलं आणि काय तसंच ठेवलं. घरं, डबे, माणसं मापात हवीत. डोंगर मागे नेऊन लहान करावा, पण त्याचे थर आणि माथ्याची रेषा बदलू नये. जागा कमी असेल तर १६० पटींनी लहान असलेलं एन स्केल घ्यावं; त्यात तबकडी २८ सेंटिमीटरची होते आणि नारायणगावचं कल्पित स्टेशन, बाहेरची टोमॅटोची आवक, कांद्याच्या बराखी हे सगळं भिंतीलगतच्या अरुंद फळीवर मावतं.

सुरुवात करणाऱ्याने राजधानी एक्सप्रेसच्या मागे न लागता नॅरोगेजकडे जावं. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची होती; एचओमध्ये ती पावणेनऊ मिलिमीटर होते आणि एन स्केलचा सहज मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ तिला जवळजवळ चपखल बसतो. छोटे डबे, तीव्र वळणं, दोन-तीन डब्यांची गाडी, सगळं घरात मावणारं. विघ्नहर किंवा भीमाशंकर साखर कारखान्याला ऊस वाहणारी अशी एखादी गाडी असती तर, असं कल्पून केलेला लेआउट मला कोणत्याही नकली जर्मन गावापेक्षा मोलाचा वाटेल.

इंग्लंडमध्ये पेंडन नावाचं संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड या ऑस्ट्रेलियातून आलेल्या माणसाने ते उभं केलं. डोळ्यांदेखत बदलत चाललेल्या एका खोऱ्यातली खेडी, घरं, शेतं त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजून, नोंदवून छोट्या मापात बांधली. गाड्या त्यातही आहेत, पण लोक जातात ते हरवलेला मुलूख पाहायला. आपल्याकडे असा मुलूख शोधायला लांब जायला नको. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे; तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. ते गाव पाहिलेली माणसं अजून आहेत. वेस कुठे होती, नदीचा घाट किती पायऱ्यांचा होता, बाजार कोणत्या आळीत भरायचा, हे त्यांना पाठ आहे. हे मॉडेल कुणी परदेशी कंपनी करून देणार नाही. घोडेगाव, मंचरच्या शाळांनी आणि पुण्यातल्या लेआउटवाल्यांनी मिळून ते करावं. पुणेकरांनी मापं आणि हत्यारं आणावीत, इथल्या पोरांनी माती आणि डोंगर. रूळ टाकायचा की नाही ते नंतर ठरवता येईल; आधी त्या वयस्कर माणसांकडे वही घेऊन जा.