सहा मिलिलिटरचा नियम आणि भाजलेली छाती

मंडळी, व्हेंटिलेटरचा विषय निघाला की अतिदक्षता विभागात एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो: सहा. दर किलो वजनामागे सहा मिलिलिटरचा श्वास. तो आला अमेरिकेतल्या एआरडीएस नेटवर्कच्या २००० सालच्या चाचणीतून. रुग्ण ८६१. बारा मिलिलिटरच्या गटात ३९.८ टक्के दगावले, सहाच्या गटात ३१. या कामाबद्दल आम्हाला आदरच आहे. तक्रार आहे ती त्याच्या वाचनाबद्दल.

कोणाला वगळलं होतं, ती यादी फारसं कोणी वाचत नाही. तीत शरीराचा ३० टक्क्यांहून अधिक भाग भाजलेले रुग्णही आहेत. म्हणजे ज्यांच्यावर नियम तपासलाच नाही, त्यांनाच आपण तो बिनदिक्कत लावतो.

बिघडतं कुठे? छातीभोवती खोल भाजलं की कातडी वाळल्या चामड्यासारखी आवळते. यंत्रावर दाब चढलेला दिसतो, आणि ३० सेंटिमीटरची मर्यादा पाळायची म्हणून आपण श्वास आणखी कमी करतो. अहो, पण तो दाब बराचसा छातीच्या भिंतीचा आहे, फुप्फुसाचा नाही! तिथे बटण फिरवून भागत नाही, जळकी कातडी चिरून छाती मोकळी करावी लागते. त्यात धूर आत गेला असेल, तर बारीक श्वासनलिकांत काजळी, सुटलेलं अस्तर आणि स्राव यांची बुचं बसतात. छोट्या श्वासांनी ती हलत नाहीत.

सॅन अँटोनियोच्या अमेरिकी लष्करी संशोधन संस्थेनं हा प्रश्न सरळ तपासला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६२ भाजलेले रुग्ण होते. छोट्या श्वासांच्या गटात ३१ पैकी ९ जणांना ऐनवेळी पद्धत बदलून वाचवावं लागलं. झपाट्यानं हवेचे धक्के देणाऱ्या पर्कसिव्ह यंत्राच्या गटात फक्त दोघांना. सुरक्षिततेसाठी चाचणी मध्येच थांबवली. मात्र मृत्यूदरात फरक सिद्ध झाला नाही, आणि केंद्रही एकच, त्या यंत्रावर हात बसलेलं. तेव्हा उद्याच ते यंत्र मागवा, असं आम्ही म्हणणार नाही.

सहा ही सुरुवात म्हणून ठीकच आहे. पण तीही नीट होत नाही. किलो म्हणजे उंचीवरून काढलेलं वजन. १७० सेंटिमीटरच्या पुरुषाचं ते ६६ किलो, श्वास ३९६ मिलिलिटर. सलाईननं सुजून तोच रुग्ण खाटेवर ९० किलो भरला आणि आपण तेच वजन धरलं, तर श्वास होतो ५४०, म्हणजे खरं तर आठच्या वर. कागदावर मात्र सहाच लिहिलेलं असतं.