खांब, साखळी आणि कुकरची शिट्टी

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? कवितेची होते, नाटकाची होते, झालेल्या समीक्षेचीही पुन्हा समीक्षा होते. ज्या चित्रापुढे उभं राहून आपल्याला नुसता घाम फुटतो, त्याच्यावरही कुणीतरी दोन रकाने लिहून मोकळा होतो. पण ज्या कलाकृतीवर आपण पिढ्यान्‌पिढ्या चहाची कपबशी ठेवत आलो, त्या क्रोशाच्या रुमालावरचा एकही परीक्षणात्मक लेख माझ्या वाचनात नाही. तेव्हा हे काम मीच अंगावर घेत आहे. पात्रता म्हणाल तर एवढीच, की गेली तीस वर्षं मी या कलेच्या सहवासात आहे. डोक्यामागे रुमाल, हाताखाली रुमाल आणि समोर ताटावर रुमाल. इतका सहवास तर टीकाकारांना कादंबरीचाही घडत नाही.

आधी दोष सांगावेत, म्हणजे समीक्षक निःपक्षपाती वाटतो. या कलेचा पहिला दोष असा, की तिला घरातली कुठलीही वस्तू उघडी बघवत नाही. रेडिओ आला, त्याला झूल चढली. टेलिफोन आला, त्याला टोपडं मिळालं. टीव्ही आला, तेव्हा तर या कलेचं सुवर्णयुगच अवतरलं. त्याच्या डोक्यावर रुमाल, रुमालावर फुलदाणी आणि रुमालाचं एक टोक बरोबर बातम्या देणाऱ्या बाईंच्या कपाळावर. पुढे टीव्ही चपटा झाला आणि रुमालाला बसायला जागाच उरली नाही. दुसरा दोष दारावरच्या तोरणाचा. त्याचा गोंडा उंच पाहुण्याच्या चष्म्यात अडकतो, त्यामुळे स्वागत अक्षरशः अंगावर येतं.

आता तंत्राकडे वळू. क्रोशे हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ छोटा आकडा. एक आकडा, एक दोरा, बाकी भांडवल शून्य. साखळी घालायची, साखळीवर खांब उभे करायचे, की झालं. वरवर हे सोपं वाटतं, पण आत जबरदस्त गणित आहे. गोल रुमाल सपाट बसायचा, तर प्रत्येक फेराला ठरावीक खांबच वाढवावे लागतात. कमी वाढवले तर कडा आत वळून टोपी होते. जास्त वाढवले तर चुण्या पडून झालर होते. आमच्या आत्याचा एकही रुमाल जन्मात सपाट बसला नाही. त्यावरचा तांब्या कायम नमस्कार घातल्यासारखा कललेला. 'वन्सं, मोजून घाला हो खांब,' असं माझी आई तिला सांगून थकली.

आणि १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना या गणिताच्या प्राध्यापिकेने हेच मुद्दाम केलं! शाळेतली समांतर रेषांची शिस्त जिथे चालत नाही अशी एक वाकडी भूमिती आहे. हायपरबोलिक म्हणतात तिला. तिची कागदाची प्रतिकृती हाताळताना टिकत नसे. या बाईंनी क्रोशाची सुई घेतली, दर ओळीला एकाच प्रमाणात टाके वाढवत नेले आणि चुण्याचुण्यांची ती भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात ठेवली. त्यावर पुढे त्यांनी पुस्तकही लिहिलं. आमची आत्या त्याच भूमितीवर तांब्या ठेवत होती, एवढाच फरक.

पण या कलेचं खरं मर्म गणितात नाही, शिट्टीत आहे. कुकरच्या शिट्टीत.

दोन सुयांवर लोकरीचा स्वेटर विणताना ओळीतले सगळे टाके सुईवर जिवंत असतात. सुई निसटली की टाके सुटले. क्रोशात एका वेळी एकच टाका जिवंत असतो. शिट्टी झाली, सुई काढली, टाका जरा सैल ओढून ठेवला, वरणाखालचा गॅस बंद केला, परत येऊन तिथूनच पुढे. लाडवाचा पाक असा वाट बघत नाही. कादंबरी म्हणे बघते, पण लिहिणारे लेखक दार बंद करून बसतात. क्रोशाला दार नाही. पन्हाळ्याच्या सहलीत आम्ही सज्जा कोठी बघत होतो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी मुलांचे डबे उघडून देणं, पाण्याची बाटली शोधणं आणि माझा स्वेटर धरणं यांच्या मधल्या फटींत एक फेर पुरा केला. ही तुकड्यातुकड्यांनी मिळणाऱ्या वेळेची कला आहे. जिला सलग तास कधी मिळाला नाही, तिच्याच सोयीने तिचा घाट घडला आहे.

आपण मात्र त्याला 'फावल्या वेळाचा उद्योग' म्हणतो. इथे समीक्षकाने जरा गंभीर व्हायला हवं. लोकरीच्या विणकामाचं यंत्र इंग्लंडात १५८९ सालीच निघालं. खऱ्या क्रोशाचं, कारखान्यात चालणारं यंत्र अजून बाजारात आलेलं नाही. म्हणजे दुकानात टांगलेल्या क्रोशाच्या झग्यातला प्रत्येक टाका कुणाच्या तरी बोटांनी घातलेला आहे. आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूरला मिशनरींनी एकोणिसाव्या शतकात हे काम शिकवलं. तिथली लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथल्या बायकांवर १९८२ साली पुस्तक लिहिलं. घरकाम सांभाळून रोज कितीतरी तास विणणाऱ्या त्या बायकांना सगळे गृहिणीच म्हणत आणि लेस म्हणजे त्यांचा फावला वेळ. वेळ फावला ठरला, की मजुरी कमी देता येते. व्यापाऱ्याला हा शब्द किती सोयीचा! घरात तो फुकट वापरणारे आपण कुठे त्याच्याहून निराळे?

तेव्हा अंतिम अभिप्राय: कला अव्वल, गणित बिनचूक, झाकण्याची हौस जरा जास्त. कलावंताला सवड मिळाल्यास मोठी निर्मिती होण्याची शक्यता. हा अभिप्राय मी घरी वाचून दाखवला आणि विचारलं, "समजा, रोज दुपारी दोन तास तुला कुणी हाकच मारली नाही, तर काय विणशील गं?"

सुई न थांबवता ती म्हणाली, "विणतेय कशाला? झोपेन."