सुंठ आणि सुमाट्रिप्टान: ‘सारखीच गुणकारी’ म्हणजे नेमकं काय?

‘सुंठ मायग्रेनच्या गोळीइतकीच गुणकारी, संशोधनाने सिद्ध!’ असा निरोप तुमच्या मोबाइलवर एकदा तरी येऊन गेला असेल. हा निरोप कुणी मनाने रचलेला नाही. त्यामागे खरा शोधनिबंध आहे. अडचण एवढीच, की निबंधात जे आहे आणि निरोपात जे आलं, ते एक नव्हे.

आधी हे बघू की आपल्या सेलूत याने काय फरक पडतो. अर्धशिशी उठली की आपल्यापुढे तीन वाटा असतात. पहिली घरातली: सुंठ उगाळून कपाळाला लेप, डोक्याला घट्ट फडकं, अंधारी खोली. दुसरी मेडिकलची: ‘डोकं दुखायची गोळी द्या.’ तिसरी चिठ्ठीवरच्या औषधाची. त्यासाठी मेंदूच्या डॉक्टरला गाठायचं म्हणून नांदेड नाहीतर संभाजीनगरची गाडी धरली, की अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी गेली. ‘सुंठ पुरे’ हे खरं असेल तर ही चक्कर वाचेल. खोटं असेल तर माणूस विनाकारण दुखणं काढत बसेल.

आता निबंध. तो इराणमधल्या झंजान शहरातला, २०१४ साली ‘फायटोथेरपी रिसर्च’मध्ये छापून आलेला. रुग्ण १००. पन्नास जणांना २५० मिलिग्रॅम सुंठीची पूड, पन्नास जणांना ५० मिलिग्रॅम सुमाट्रिप्टान. कुणाला काय दिलं हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही, ही चांगली गोष्ट. दोन तासांनी दुखणं ९० टक्क्यांहून जास्त उतरलं असे लोक सुमाट्रिप्टानच्या गटात ७० टक्के, सुंठीच्या गटात ६४ टक्के. सुंठीचा त्रासही कमी झाला. निष्कर्ष: दोन्हींचा परिणाम सारखा.

माझा पहिला आक्षेप इथेच आहे. ‘फरक दिसला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ७० टक्के म्हणजे ३५ माणसं, ६४ टक्के म्हणजे ३२. नेहमीच्या ९५ टक्क्यांच्या पद्धतीने या आकड्यांतली अनिश्चितता मोजली, तर सुमाट्रिप्टान शंभरात २४ जणांनी सरस असू शकतं, नाहीतर सुंठच १२ जणांनी सरस असू शकते. कापसाची गाडी तोलायच्या काट्यावर अंगठी ठेवली तर काटा हलणार नाही. म्हणून अंगठीला वजन नाही असं होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त मोठा. या प्रयोगात तिसरा गटच नाही, म्हणजे औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणारे लोक नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला, ही म्हण ज्या भाषेत आहे तिला या गटाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. कॉक्रेनच्या आढाव्यांत अनेक प्रयोग एकत्र केले आहेत. ५० मिलिग्रॅम सुमाट्रिप्टानने दोन तासांत दुखणं पूर्ण थांबलं असे शंभरात २८, आणि बिनऔषधी गोळीने ११. नुसता ‘बराच उतार’ मोजला, तर ५७ आणि ३२! झंजानचं मोजमाप तंतोतंत हेच नाही, पण तिथले ७० टक्के या आकड्यांशेजारी फार मोठे दिसतात. ते रुग्ण तसेही लवकर बरे होणारे होते का? तिसरा गट नसल्यामुळे उतार पडल्याचं किती श्रेय सुंठीला द्यायचं, हे सांगता येत नाही.

पुढे ब्राझीलमध्ये १०७ जणांवर असा गट ठेवून प्रयोग झाला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. झटका येऊच नये म्हणून तीन महिने रोज आल्याचा अर्क दिला. बिनऔषधी गोळीपेक्षा फायदा दिसला नाही. अर्थात हा प्रश्न वेगळा: झटका टाळणं आणि आलेला झटका उतरवणं एक नव्हे. आणि कपाळावरच्या लेपाबद्दल तर यातला एकही प्रयोग काही सांगत नाही.

पण हाच काटा गोळ्यांनाही लावू. सुमाट्रिप्टान घेऊनही ७२ जणांचं दुखणं दोन तासांत पूर्ण थांबत नाही. ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनचे आकडे २६ विरुद्ध १२, हजार मिलिग्रॅम पॅरासिटामॉलचे १९ विरुद्ध १०. म्हणजे चिठ्ठीवरचं ते सगळं भारी आणि मेडिकलवरचं हलकं, असंही नाही. महिन्यातून एक-दोनदाच डोकं धरत असेल, तर साधी गोळी वेळेवर घेऊन बऱ्याच जणांचं भागतं. मात्र अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आयबुप्रोफेन, आणि हृदयविकार असेल तर सुमाट्रिप्टान किंवा अर्गोटामाईन, स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. गरोदरपणात तर कुठलीच गोळी विचारल्याशिवाय नको.

खरा धोका मोजणीत आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या, अर्गोटामाईन किंवा ट्रिप्टान १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं, तर गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. तिथे झटका टाळण्यासाठी रोज घ्यायची प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिनसारखी औषधं लागू शकतात, आणि ती डॉक्टरनेच ठरवायची. त्या वेळी नांदेडची गाडी धरणं परवडतं.

तेव्हा सुंठ खुशाल उगाळा, पण सोबत कालनिर्णयावर दोन खुणा करा: एक डोकं दुखलेल्या दिवसाची, एक गोळी घेतलेल्या दिवसाची. गोळीच्या खुणा दहाकडे सरकू लागल्या, की तेच पान घेऊन दवाखान्यात जा. आणि एकाएकी उठलेलं असह्य दुखणं, सोबत ताप, हातापायातली शक्ती जाणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी असेल, तर खुणा मोजत बसू नका. लगेच निघा.