अधिक-उणे पन्नास टक्के

नाल्याचे सांडपाणी नदीला मिळाले की ते लगेच सगळ्या पाण्यात मिसळते, असे आपण सहज धरून चालतो. वर्गात सोडवली जाणारी सरासरीची उदाहरणेही याच गृहीतावर उभी असतात. हा समज मोडून काढणारा ग्रंथ म्हणजे ह्यूगो फिशर व त्यांच्या चार सहकाऱ्यांचा 'मिक्सिंग इन इनलँड अँड कोस्टल वॉटर्स' (१९७९). त्यातील नद्यांवरचे प्रकरण आजही वाचण्याजोगे आहे. तक्रार आहे ती मुख्यतः ते वापरले कसे जाते याबद्दल.

रीत अशी. नदीची खोली, उतार आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे 'घर्षणवेग'. त्याला खोलीने व ०.६ ने गुणले, की प्रदूषक एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे किती झपाट्याने पसरेल याचा गुणांक मिळतो. पाण्यात रंग सोडायला नको, शेकडो नमुने नकोत. ज्याच्या हाताशी थोडीच मोजमापे आहेत, त्याला हे वरदानच होय.

एक उदाहरण करून पाहू. पात्र १०० मीटर रुंद, २ मीटर खोल; उतार ५,००० मीटरला १ मीटर; पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. गुणांक येतो सुमारे ०.०७५. काठावरून सोडलेले सांडपाणी जवळजवळ पूर्ण मिसळायला लागणारे अंतर म्हणजे ०.४ × वेग × रुंदीचा वर्ग ÷ गुणांक. उत्तर २७ किलोमीटर! नाल्याखाली २ किलोमीटरवर समोरच्या काठाचे पाणी तपासले, तर त्यात नाल्याचा मागमूसही लागणार नाही आणि नदी 'स्वच्छ' ठरेल.

परंतु लेखकांनी ०.६ या आकड्यापुढे 'अधिक-उणे ५० टक्के' असेही लिहिले आहे. ०.९ घेतल्यास तेच अंतर १८ किलोमीटर होते, ०.३ घेतल्यास ५३. उद्धृत करताना पुष्कळदा ०.६ तेवढा उचलला जातो आणि ही पुस्ती गळून पडते. तीव्र वळणे असतील तर गुणक याहूनही मोठा धरावा, ही सूचनाही तशीच विसरली जाते.

ग्रंथाची खरी मर्यादा वेगळी आहे. त्यात वाहत्या नद्यांचे प्रकरण आहे, जलाशयांचेही आहे. पण पंचगंगेसारख्या नदीवर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातले, की प्रवाह जवळपास थांबतो. मग घर्षणवेगाला फारसा अर्थ उरत नाही. पाणी ढवळले जाते ते वाऱ्याने आणि दिवसरात्रीच्या तापण्या-निवण्याने. उन्हाळ्यात तळे आणि पावसाळ्यात पूर अशी नदी कोणत्या प्रकरणात बसवायची, हे वाचकालाच ठरवावे लागते.

विद्यार्थ्यांकडून प्रकल्प करून घेताना पाचच बाटल्यांची सोय असेल, तर त्या पाचही पुलावरून, या काठापासून त्या काठापर्यंत, एकाच वेळी भरून घ्याव्यात. एकाच घाटावर पाच दिवस भरू नयेत. पाचही सारख्या निघाल्या, तर सरासरीचे गणित करायला हरकत नाही.